वास न्हाई

सांगली,
ता. २ एप्रिल १९७४

सिद्धूदादास,
अर्जुनाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मी बरा हाय. आईचा गुडघा कसा हाय? औंदा कोकरं किती जगली? हे पत्र मास्तरांकडनं वाचून घेऊ नको. तुझी चौथी त्याला पुरी हाय, सावकाश तूच वाच.

पेपर बरे गेले. प्रॅक्टिकलचं मागनं सांगतो.

दादा, महिनाभर मला माझ्याच अंगाला मेंढरांचा वास येतोय. दिवसातनं चारदा आंघोळ करतो. चहाला तोच, आमटीला तोच. वर्गात कोण शिंकलं तरी वाटतं, माझ्यामुळंच. खोलीतल्या मानसिंगनं माझा सदरा नाकाला लावून बघितला. नुसता साबणाचा वास हाय म्हणाला. मला पटलं न्हाई.

आता सांगतोच. प्रॅक्टिकलात एक पांढरी भुकटी देत्यात, ती कशाची ते ओळखायचं. कॉस्टिक सोडा घालून तापवल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर अमोनिया. मी नळी तापवली आणि भपकन आपल्या मेंढरांच्या वाडग्याचा वास आला. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, भ्यानं घाम सुटलाय, त्याचाच हा. शेजारच्याला तरास नको म्हणून मागं सरलो आणि कागदावर लिवलं, वास न्हाई. लाल लिटमसचा ओला कागद समोर हुता. नळीच्या तोंडाशी धरला असता तर निळा झाला असता. धरला न्हाई.

परीक्षक म्हणाले, "सगळ्या टेबलाला वास आला, तुलाच कसा नाही?"

मी म्हणालो, "आला सर. पण तो माझा वाटला."

त्यांना वाटलं, मी टिंगल करतोय. त्यांनी पानावर काट मारली.

जन्मल्यापासनं मेंढरांत झोपलो, दादा. ह्या वासाची ओळख त्या खोलीत माझ्याइतकी कुणालाच नव्हती, आणि मीच चुकलो. गेल्या सालासारखा पुन्हा नापास हुणार. बोर्डिंगातली जागा जाणार. तू शाळा सोडलीस ती माझ्यासाठी, आणि मी हे केलं.

आणखी एक हाय. दिवाळीच्या आधी तू घोंगडं घेऊन आलास, तवा मी तुला आत आणलं न्हाई. फाटकाबाहेरच बोललो. मानसिंगनं इचारलं कोण, तर गावाकडचा माणूस म्हणालो. ते घोंगडं अजून ट्रंकेत हाय. एकदाबी पांघरलं न्हाई.

मला न्यायला येऊ नको. आलास तर पुन्हा तुला बाहेरच उभा करीन, ह्याचं लय भ्या वाटतं.

तुझा भाऊ म्हणायचं का न्हाई, ते तूच ठरव.

अर्जुना