नव्यासारखं दिसणारं कार्ड

सोमवार, संध्याकाळ

जुन्या कॉम्प्युटरचा भाव सांगण्याआधी दुरुस्त केलेला एकेक भाग सांगायचा, ही माझीच रीत. आज मीच मोडली. रामाकोना गावच्या एक मॅडम मुलीसाठी गेमिंगचा कॉम्प्युटर घेऊन गेल्या. त्यातलं ग्राफिक्स कार्ड मेलेलं होतं, मी सोल्डरिंग करून जिवंत केलेलं. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, हे तर नवंच दिसून राहिलं!" मी नुसता हसलो. भाव पडेल म्हणून? की कौतुक गोड लागलं? कार्ड टिकेल, बहुधा. पण हसलो कशाला?

शेवटी फोन लावून खरं सांगितलं, परत आणा म्हटलं.

"आता कसा आणू भाऊ? पोरगी गेम सोडून जेवाले बी उठून नाही राहिली!"

उद्या मीच जातो. माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड आत्ताच काढून ठेवलं.