रविवारच्या हाक्यात सायकलींच्या घंट्या बंद ठेवण्याबाबत

प्रति,
मा. रानवाटा अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, वालग्रेदा,
तालुका गारोत्शा

विषय : रविवार, दि. १६ नोव्हेंबर रोजी पुचरॉच या विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर रानडुकरांचा हाका व ग्रॅव्हल (खडीवाटेच्या) सायकलींची फेरी एकाच वेळी होत असल्याने दोहोंपैकी एक पुढे ढकलणेबाबत. तसे न जमल्यास त्या दिवसापुरत्या सायकलींच्या घंट्या बंद ठेवणेबाबत.

संदर्भ : १) हाक्याची परवानगी. २) सायकलफेरीची परवानगी. (दोन्ही आपल्याच कार्यालयाच्या, एकाच आठवड्यातल्या.) ३) घंटीबाबतचा आपला मे महिन्यातील आदेश. ४) माझा दि. ४ चा अर्ज व त्यास दि. ७ रोजी मिळालेले दोन ओळींचे उत्तर.

महोदया,

१. अर्जदार मेदीर काम्प्रुबी, वय एकाहत्तर, वालग्रेदा शिकारटोळीचा एकोणतीस वर्षे चिटणीस. हाका सुरू होण्याआधी कोण आले, कोण कुठल्या जागेवर बसले, कोणाकडे कुठली बंदूक, हा तक्ता मी भरतो. सही घेतल्याशिवाय एकही माणूस मी रानात सोडलेला नाही. एकोणतीस वर्षांत इजा एकच झाली, टोळीप्रमुख ग्राऊ यांचा पुढचा दात, आणि तोही न्याहारीच्या टेबलावर.

२. येत्या रविवारी आमच्या चौतीस बंदुका आणि सत्तावीस कुत्री सकाळी नऊ ते दोन त्या उतारावर असतील. त्याच उतारावरून साडेआठला निघालेले दोनशे बारा सायकलवाले साधारण साडेनऊपासून जातील. दि. ४ च्या अर्जात मी हेच लिहिले होते. त्यावर उत्तर आले की ‘दोन्ही नकाशे तपासले असता परस्परांत छेद आढळत नाही.’ आमचा नकाशा जमिनीच्या गटांचा आहे आणि सायकलवाल्यांचा म्हणजे फोनमधली एक निळी रेघ. मी ती रेघ पातळ कागदावर उतरवून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद एकमेकांवर धरून पाहिले. सहा किलोमीटर वाट सामाईक आहे आणि आमच्या सात जागांची तोंडे त्या वाटेकडे आहेत. हे दाखवायला मी आपल्या कार्यालयात आलो तेव्हा खिडकीवरचे गृहस्थ मला म्हणाले, “मेदीर, ह्या दोन वेगळ्या फायली आहेत. फायली एकमेकींना छेदत नाहीत.” गृहस्थ वाईट नाहीत. त्यांनी मला बसायला खुर्चीही दिली.

३. हाक्याच्या दिवशी आम्ही वाटांच्या पाच तोंडांवर ‘हाका चालू’ अशा पिवळ्या पाट्या लावतो. सायकली शिरतात सहाव्या तोंडातून. जुन्या काळ्या खडीच्या खाणीमागून जाणारी ती वाट मागल्या वसंतापर्यंत नव्हतीच, ती त्यांच्या टायरांनीच पडली. सहावी पाटी मिळावी म्हणून विचारले असता, सदर ठिकाणी वाट नसल्याने पाटी देता येत नाही, असे कळवण्यात आले.

४. सायकलफेरीची आयोजक आन्येस ही माझी सख्खी भाची. पोरगी हुशार आहे, पण माझे ऐकत नाही. तिच्या लोकांच्या कपड्यांचे रंग पाहून माझा जीव उडाला. मातकट, शेवाळी, तपकिरी, एकूण एक. मी विचारले तर म्हणते, “मामा, भडक कपडे डांबरी रस्त्यावरच्यांचे. खडीवरचे लोक रानात मिसळून जातात.” मी म्हटले, “बाई, मी तेच तर सांगतोय!” मी दोनशे बारा नारिंगी जाकिटे भाड्याने आणायला तयार होतो. ती म्हणाली, “आणा, पिशवीत घालून देते सगळ्यांना. पण घालणार कोण? फोटोत आमची फेरी रस्तादुरुस्तीची टोळी दिसेल.” पुढे ढकलायचे म्हटले तर परदेशी, बहुतेक डच, लोकांनी विमानांची तिकिटे काढलेली आहेत.

ग्राऊ यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, “आपलं रान, आपला रविवार, आपली परवानगी दोन दिवस आधीची. आणि आपल्या माणसांना डुक्कर कोणतं आणि डच माणूस कोणता हे कळतं, चिटणीस. तू तक्ता भर.”

५. आता घंटीविषयी. चालणाऱ्यांच्या तक्रारीवरून आपण मे महिन्यात आदेश काढला की रानवाटेवर पायी माणूस दिसताच सायकलस्वाराने घंटी वाजवलीच पाहिजे, न वाजवल्यास दंड. हेतू चांगला आहे. परंतु महोदया, आमच्या कुत्र्यांच्या गळ्यात घंट्या असतात. धुक्यात आम्हाला काहीच दिसत नाही, आम्ही घंटीवर असतो. घंटी जवळ येऊ लागली म्हणजे कुत्रे येते आहे आणि कुत्र्याच्या पुढे डुक्कर आहे. घंटी ऐकली की चौतीस माणसे बंदूक खांद्याला लावतात. विचार करून नव्हे, हात आपोआप वर जातो. त्यात त्या काळ्या खडीवर रुंद टायर जसा करकरतो, तसेच डुकराचे खूर करकरतात. मी डोळे मिटून दोन्ही ऐकले आहेत. मला फरक सांगता आला नाही.

६. हे मला कसे कळले ते मागच्या अर्जात लिहिले नव्हते. आता लिहितो.

दि. २ रोजी लहान हाका होता. मी जागा सतरावर होतो. धुके इतके की समोरचे बीचचे झाड दिसत नव्हते. खालून घंटी आली. एकदा, मग पुन्हा. मग खडी करकरली आणि झुडपांत एक तपकिरी पाठ हलली, कमरेइतक्या उंचीवर, धापा टाकत चढणारी. नीट ओळख पटल्याशिवाय बार काढू नये, हा नियम दर हाक्याला मीच मोठ्याने वाचून दाखवतो. त्या सकाळीही वाचला होता. मी सेफ्टी काढली. बोट चापावर होते.

तेवढ्यात त्या पाठीजवळून फोनमधली बाई परक्या भाषेत काहीतरी बोलली. डावीकडे वळा म्हणाली असेल, देव जाणे.

पाठ सरळ झाली. तिशीतली एक बाई, चष्म्यावर धुके, सायकल ढकलून दमलेली. माझी बंदूक तोवर खाली आली होती. तिने आपल्या इकडच्या भाषेत छान नमस्कार केला आणि कॉफी कुठे मिळेल असे विचारले. मी सांगितले. तिने मला अर्धे केळे दिले. मला साल निघेना, तिनेच काढून दिली आणि म्हणाली, “थंडी फार आहे ना, आजोबा?” मी हो म्हटले.

त्या दिवशीच्या तक्त्यात मी लिहिले : ‘जागा सतरा, काही दिसले नाही.’ एकोणतीस वर्षांतली ही माझी पहिली खोटी नोंद. ग्राऊला सांगितले नाही, आन्येसला नाही, घरात बायकोलाही नाही. ती विचारते की रात्री उठून खिडकीशी कागद धरून काय बघता. आपल्यालाच प्रथम कळवत आहे, तेही आपण मला ओळखत नाही म्हणून.

७. टोळीत सर्वांत जपून वागणारा माणूस म्हणून माझे नाव घेतात. माझी ही गत, तर बाकीच्या तेहतीस जणांचे काय, याचा विचार व्हावा. जागा बारावर लिबोरी बसतात, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन जानेवारीत आहे, आणि घंटी त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी ऐकू येते.

८. तरी दोहोंपैकी एक परवानगी शनिवारी दुपारी एकपर्यंत मागे घ्यावी. ते होत नसेल तर रविवारपुरता घंटीचा आदेश थांबवावा. तेही होत नसेल तर मी हाका मोडणार नाही, मला तो अधिकार नाही. मी तक्ता भरीन. जागा सतरापुढे माझे नाव असेल आणि ‘शस्त्र’ या रकान्यात ‘नाही’ असे असेल. मी जागेवर बसणार नाही. सहावी वाट जिथे उताराला मिळते तिथे, आपल्या कागदांप्रमाणे जिथे वाट नाही तिथे, नारिंगी जाकीट घालून मधोमध उभा राहीन आणि येईल त्या सायकलीला परत फिरवीन.

एकच गोष्ट मला काल रात्री सुचली आणि ती डोक्यातून जात नाही. वाटेत पायी माणूस दिसला की ते लोक घंटी वाजवतील. वाजवावीच लागेल, आदेश आहे. दोनशे बारा घंट्या, सात बंदुकांच्या तोंडासमोर, आणि प्रत्येक घंटीच्या पुढे वाटेवर उभा मी. मला त्याची फार भीती वाटते. तरीही मी तिथेच असेन, कारण दुसरे कोणी तिथे उभे राहिले तर त्याला ठाऊक नसेल की घंटी वाजल्यावर खाली बसायचे असते.

उत्तर आले नाही तर निदान एवढी नोंद दोन्ही फायलींत करावी, की रविवारी त्या ठिकाणी जे हलेल ते अर्जदार आहे.

शनिवारी दुपारी एकपर्यंत घरीच असलेला,
आपला नम्र,

(सही)
मेदीर काम्प्रुबी
वालग्रेदा, दि. ११ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) दोन्ही परवानग्यांच्या प्रती.
२) एकावर एक धरून काढलेला नकाशा, खिडकीच्या चौकटीच्या खुणेसह.
३) दि. २ चा तक्ता, जागा सतराची नोंद लाल शाईने दुरुस्त करून.
४) अर्जदाराची छायाचित्रे दोन, नारिंगी जाकिटात : एक समोरून, एक खाली बसलेले, मागून.