जवळ आलेल्यांचा बाक

६ एप्रिल, रविवार
ठरलं. माझा देवावर विश्वास बसला. सरोवराकाठच्या बाप्तिस्टांच्या प्रार्थनागृहात आज पहिल्यांदा गेलो आणि लगेच बसला. दीनाशी याचा काही संबंध नाही. ती बाजारात सुकी जर्दाळू विकते, मी हिवाळाभर घेतोय. तिचे वडील वेन्यामिन तिथले वडीलधारे पाळक, हा योगायोग.

बाप्तिस्मा न झालेल्यांना इथे ‘जवळ आलेले’ म्हणतात. त्यांचा बाक सगळ्यात मागे. दीनाही तिथेच येऊन बसली. पाळकाची मुलगी, पुढची जागा सोडून! मुलगी हुशार आहे. जवळ आलेला म्हणजे मी जवळ आलोच की.

७ एप्रिल
आईला सांगितलं, मी बाप्तिस्मा घेणार. आई म्हणाली, जखार, चाळीस दिवसांचा होतास तेव्हाच झालाय तुझा, आपल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये, तीनदा बुचकळून. तो काय कपडा आहे दोनदा धुवायला? मी आवाज चढवला. आई म्हणाली, राजधानीतलं, बिश्केकचं पॉलिटेक्निक अर्धं टाकून आलास, निदान बाप्तिस्मा तरी पुरता झालेला असू दे.
कॉलेज मी टाकलं नाही. कॉलेजला मी झेपलो नाही.
संकल्प : आजपासून राग बंद.

२० एप्रिल, ईस्टर
वेन्यामिनभाऊंना (इथे सगळे भाऊ आणि बहिणी) सांगितलं, माझा एक झालाय, पण तुमच्या पद्धतीचा हवा. ते म्हणाले, तो तुझा नव्हे रे, तुझ्या आईचा. तान्ह्या पोराला काय कळतं? आईबापांनी मागून चालत नाही, ज्याचा त्याने मागायचा असतो. पाळकाचं पोर असलं तरी.
वा. दीनाला हे पाळण्यातच कळलं असणार.

४ मे, रविवार
आज प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरवला. तो फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना. आमच्या बाकाशी प्याला आला तेव्हा दीनाने घेतलाच नाही, तसाच परत दिला. मला वगळलंय म्हणून तीही उपाशी. डोळ्यांत पाणी आलं. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, तुला काही विचारायचंय का मला? मी म्हटलं, सगळं योग्य वेळी, रीतसर. ती म्हणाली, बरं. थोडी हिरमुसली. प्रेमात असं होतं.

१८ मे
तलांत टॅक्सी चालवतो, लहानपणचा मित्र. त्याला पद्धत समजावली : कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, पाळक मागे झुकवतो, अख्खा बुडला पाहिजे, कोपरसुद्धा कोरडं राहता कामा नये. तो म्हणाला, म्हणजे पोरगी द्यायच्या आधी सासरा धुऊन बघतो. लाथ घातली त्याच्या गाडीला. आरसा निखळला.
संकल्प पुन्हा.

१ जून
पिंपात सराव. उलटा झुकलो, पिंपासकट आडवा. आईच्या कोंबड्या पवित्र झाल्या.

६ जुलै, रविवार
मंडळीसमोर परीक्षा. विचारलं, बाप्तिस्म्याचा अर्थ काय? मी कमर, कोपर, नाक, सगळं घडाघडा सांगितलं. वेन्यामिनभाऊ म्हणाले, हे बुडवायचं झालं. पाणी म्हणजे कबर, बाळा. जुना माणूस मेला की मग त्याला पुरायचं. तू मेलास कधी ते सांग.
मी खरं तेच बोललो. म्हटलं, हिवाळ्यात. बाजारात.
म्हाताऱ्या बहिणींनी डोळे पुसले. पास. मागे वळून पाहिलं तर दीना कपाळाला हात लावून बसलेली. भावना आवरत नव्हत्या तिला.

१२ जुलै
दीना पांढऱ्या झग्यासाठी माप घ्यायला आली. खांदे मोजले! (सगळ्यांचे तीच शिवते म्हणे. पण माझे दोनदा मोजले.) झगा पाण्यावर तरंगू नये म्हणून घेरात मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं शिवते. म्हणाली, जखार, अजून विचार कर, हे तू कोणासाठी करतोयस? मी म्हटलं, तुला कळेलच. ती म्हणाली, मला तीच भीती आहे.
किती लाजते.

२० जुलै, रविवार
झालं. सरोवराचं पाणी बर्फ. काठावर गाणं चालू. वेन्यामिनभाऊंनी विचारलं, विश्वास आहे? म्हटलं, आहे. शुद्ध मनाने देवाची सेवा करशील? म्हटलं, करीन. त्यांनी झुकवलं. पिंपाची आठवण झाली आणि मी त्यांची दाढी धरली. दोघेही गेलो. माझा दुसरा झाला, त्यांचाही दुसरा झाला. वर येऊन खोकत म्हणाले, भावा, आता सोड.
भावा म्हणाले!
दीनाने टॉवेल दिला. हळूच म्हणाली, अभिनंदन, जखारभाऊ. चेहरा सुतकी. थंडी होती खूप.

२७ जुलै, रविवार
मला पुढच्या बाकावर बसवलं. प्याला मिळाला. दीना मागेच. वळून खूण केली, ये पुढे. आली नाही.
नंतर जर्दाळूच्या झाडाखाली रीतसर विचारलं, माझ्याशी लग्न करशील का?
ती म्हणाली, आता विचारतोस? मे महिन्यात का नाही विचारलंस?
म्हटलं, तेव्हा माझा बाप्तिस्मा कुठे झाला होता?
ती म्हणाली, माझाही कुठे झालाय?
मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, मी कधी मागितलाच नाही, बाबांनीही कधी रेटलं नाही. मागच्या बाकावर मग का बसते मी, हवा खायला? भावाने लग्न करायचं ते बहिणीशीच, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने झालेलीशीच, असा आमचा नियम. माझ्याशी केलंस तर तुला मंडळीतून काढतील, आणि काढायला बाबांनाच उभं राहावं लागेल. मे महिन्यात आपण दोघेही नुसते जवळ आलेले होतो, जखार. सरकारी कचेरीत सही करून मोकळे झालो असतो. कोणी काही म्हणालं नसतं.
म्हटलं, मग तू घे ना बाप्तिस्मा.
म्हणाली, कोणासाठी?
सप्टेंबरपासून ती बिश्केकला जातेय. शिकायला. पॉलिटेक्निकमध्ये.

२८ जुलै
आईला विचारलं, झालेला बाप्तिस्मा परत करता येतो का.
आई झगा वाळत घालत होती. घेरातली शिसं काठीवर टकटक वाजत होती. म्हणाली, सांगितलं होतं ना, दोनदा धुऊ नको म्हणून. बघ, आकसला.