छपराला पिना

६ मे, सोमवार. सकाळी ७.
शेतावरची लाकडी खोली छपरापर्यंत आली. नागझिऱ्याला जाणारे पर्यटक आजवर आपल्या शेताच्या धुऱ्यावरून सरळ पुढे जात. आता थांबतील. पहिलं बुकिंग आलंसुद्धा: २४ तारीख, नागपूरचं जोडपं.
कवेलू नको, टिन नको. शिंगल्स आणल्यात. डांबराच्या पातळ पट्ट्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसतात. साकोली तालुक्यात पहिल्याच. (बहुधा.)
प्रश्न एकच. ठोकायच्या कशानं? पिना की खिळे?

७ मे.
टेकचंद मिस्त्री पाहून गेला. चौथीपासूनचा वर्गमित्र, म्हणून अरे-तुरे. म्हणाला, चौड्या टोपीचे खिळे, एका पट्टीला चार. मी नवी स्टेपल गन दाखवली. त्यानं ती उलटसुलट केली. "केशव, हे त शाळेत पेपरले पिना मारतेत तेच होय ना बे?"
मी शांतपणे सांगितलं की तत्त्व तेच, साइज मोठा.
"उनानं डांबर नरम पडते. पीन आत घुसंल अन् पट्टीच कापंल. खिळ्याची टोपी दाबून धरते."
चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. उष्णतेचे परिणाम मलाच सांगतो.

८ मे.
साधना म्हणते, ज्याले येते त्याले करू द्या ना. बायकोच्या मताचा आदर करून तोडगा काढला: बोडीकडची, म्हणजे तळ्याकडची, उतरण टेकचंदची, खिळ्यांनी. रस्त्याकडची माझी, पिनांनी. यालाच शास्त्रीय प्रयोग म्हणतात.
संकल्प: सकाळी दहानंतर छपरावर चढायचं नाही.

११ मे. दुपारी दीड.
छपरावरून उतरून लिहितोय. वेग अफाट. टेकचंदची एक ओळ होते तोवर माझ्या तीन. काही पिना तिरप्या गेल्या, पण काही इतक्या आत गेल्या की दिसतच नाहीत. फिनिशिंग सुंदर.
डावी चप्पल डांबराला चिकटून वरच राहिली. साधना खालून ओरडत होती, "तुमी काहून चढले एवढ्या उनात?" चप्पल मऊ होती, दुसरं काही नाही.

१३ मे.
दोन्ही उतरणी पूर्ण. शेजारचे मारोतराव पाहायला आले. त्यांच्यासमोर मी सहज म्हणालो, हातोडीवाल्यांचे दिवस गेले. टेकचंद मागेच उभा होता. त्यानं थैली उचलली आणि निघाला. चहा गार झाला.
काही काम आठवलं असेल.

१६ मे.
टेकचंदचा फोन नाही. मीही करणार नाही. कोपर दुखतंय.

१९ मे, रविवार. संध्याकाळी ५.
चार वाजता वावधन सुटलं, धुळीचं वादळ. दहाच मिनिटं. नंतर पाहू.

२० मे.
पाहिलं. टेकचंदच्या बाजूची एक पट्टी हलली नाही. माझ्या बाजूला खालचं प्लायवूड स्वच्छ दिसतंय. पिना मात्र जागच्या जागी आहेत, एकही उपटली नाही! त्यांच्याखालून पट्ट्या फाटून गेल्या, एवढंच.
मारोतरावांनी अकरा पट्ट्या बोडीतून काढून आणल्या. बारावी त्यांच्या म्हशीच्या पाठीवर चिकटली होती. ती निघेना.
वारा माझ्याच बाजूनं आला. प्रयोग निष्पक्ष नव्हता.

२१ मे.
पाहुण्यांना तीन दिवस. साधनाला म्हटलं, तू जाऊन टेकचंदला बोलव, तुझं ऐकतो. ती भाजी चिरत म्हणाली, "बोल्ले तुमी. जा तुमीच."
वाऱ्याच्या दिशेवर चार मुद्दे मनात तयार करून गेलो. टेकचंद जेवत होता. त्यानं वर पाहिलं. "जेवला का?"
मुद्दे एकदम आठवेनात. दारातच उभा राहून म्हणालो, "चुकलं माझं."
त्यानं घास संपवला. म्हणाला, "पिना उपटा लागतीन. तू उपटजो."

२३ मे.
दिवसभर पिना उपटल्या. न दिसणाऱ्या पिना उपटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

२४ मे, शुक्रवार.
शेवटची ओळ बाकी होती. टेकचंद वर, मी खाली ओट्यावर खिळे निवडून डब्यात भरून देत होतो. इतक्यात नागपूरची गाडी आली, दोन तास आधी. जोडपं उतरलं. बाई छपराकडे बघतच राहिल्या. किती सुंदर बांधलंय, म्हणाल्या. मी उठलो, शर्ट झटकला, बोलायला तोंड उघडलं.
नवऱ्यानं मला विचारलं, "काका, मालक कुठे आहेत?"
एवढ्यात बाईंनी वर पाहून टेकचंदला हात जोडले. तो गडबडला, हातोडीनंच माझ्याकडे खुणावत म्हणाला, "मी नाही जी! मालक त थो खाली हाय!"
त्यांना ते विनोदी वाटलं. दोघंही हसले.
मग नवऱ्यानं डिकी उघडली आणि बॅगा माझ्या हातात दिल्या.
तीन होत्या. एकीला चाकं होती, पण आमच्याकडे मुरूम आहे.