चढती रेघ

बरकतपुरा, हैदराबाद
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

चि. निशिगंधास विठ्ठलमामाचे आशीर्वाद.

आज भोगी. गच्च्यांवर पतंगांचा नुसता कल्लोळ. तुझ्या मामीने तीळ लावून भाकऱ्या केल्या. आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे.

कागदावर लिहून फोटो धाडतोय. फोनवर बोललो की तुझी आई पलंगावरून ऐकते, आणि तू मला बोलू देत नाहीस.

तू पाठवलेलं घड्याळ ताईच्या मनगटावर शोभतं हो. त्यातली पावलांची रेघ रोज चढते, ती तू पुण्यात फोनवर बघतेस, तुझा भाऊ बेंगळुरूत. तू कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतेस, विक्रम इंजिनिअर. परवा म्हणाला, "मामा, ट्रेंड बघा! महिन्याभरात आई गच्चीवर जाईल." मीही खूश. दिवसभर मी नामपल्लीला माझ्या पंपांच्या दुकानात, तिथे सगळ्यांना चहा आणि उस्मानिया बिस्किटं दिली. चढती रेघ कुणाला नको असते?

मग नर्सबाईला, भाग्यलक्ष्मीला, सहज विचारलं, "अम्मा कितना चलती?"

ती उलट मलाच विचारते, "अम्मा कब चली, साब? पलंग पे से उतरीच नहीं. हाथां देखो ना उनके."

पाहिले. ताई वाती वळतेय. हातात कापूस नाही, काही नाही. बोटं चालूच, दिवसभर. पंपाचा आवाज ऐकून बिघाड सांगत मी धंदा उभा केला. कान माझे तिखट. कापसाची ती सुकी सरसर मला स्पष्ट ऐकू आली.

"ताई, कुणासाठी गं एवढ्या?"

"लागतील रे विठू. निशू आली का?"

घड्याळ ते हात मोजतंय, बाळ. पावलं नाहीत. आणि हात असे चालायला लागले की... डॉक्टर जिन्यात भाग्यलक्ष्मीशी जे पुटपुटले, तेही मी ऐकलंय. पुढचं लिहीत नाही.

आज सकाळी घड्याळ काढून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. म्हटलं, रेघ पडली की तू घाबरून तरी निघशील. आत्ताच विक्रमचा फोन. आनंदाने ओरडत होता, "मामा, आज तर सगळ्यात उंच!"

कपाट मी उघडलेलं नाही. दाराला कान लावला होता. काय ऐकलं ते विचारू नकोस.

ग्राफ बघू नकोस आता. मिळेल त्या गाडीने ये.

तू येईपर्यंत ताईचे दोन्ही हात धरून बसलेला,
तुझा विठ्ठलमामा