बाबा चार दिवस ताईकडे

३ मार्च, सकाळी
आज भत्ता कार्यालयात जायचं म्हणजे जायचंच. बाबा ताईकडे असतात हे कळवून मोकळं व्हायचं. मला सरकारी भत्ता मिळतो तो घरी वडिलांची देखभाल करतो म्हणून. वडीलच घरी नसतील तर देखभाल कुणाची करतोस, असं कुणीही विचारेल. विचारण्याआधी आपण होऊन सांगितलेलं बरं. निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

३ मार्च, दुपारी
गेलो नाही. शर्टाचं बटण तुटलं. बिनबटणाच्या माणसाचं सरकारी कार्यालयात कोण ऐकतं?
शिवाय शांतपणे विचार केला. बाबा ताईकडे राहायला गेलेलेच नाहीत. चार दिवस गेलेत. सख्ख्या मुलीकडे माणूस चार दिवस गेला तर त्याला भत्त्याच्या अर्जातला ‘परिस्थितीतील बदल’ म्हणायचं? जानेवारीत गेले, हे खरं. पण चार दिवस म्हणजे कुणी बोटांवर मोजत बसत नाही.

७ मार्च
दूध आणायला लांबच्या दुकानात गेलो. जवळच्या दुकानाच्या वाटेवर सलून लागतं, आणि सलूनवाला हल्ली माझ्याकडे फार बघतो.
जानेवारीतल्या त्या दिवसाचं एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. बाबांना कटिंगला बसवलं, दहा मिनिटांत आलो म्हणालो आणि घरी येऊन जरा पाठ टेकली. डोळा लागला. देखभाल करणारा माणूस थकतो, हे भत्त्याच्या माहितीपत्रकातसुद्धा छापलंय. बाबांना हात धरल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही, त्यामुळे ते बसून राहिले. सलूनवाल्याने शेवटी ताईला फोन केला. मला का नाही केला? तर म्हणे, करून करून थकलो. ताई आली तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि बाबांच्या गळ्यात तो पांढरा कपडा तसाच होता. ती त्यांना परस्पर घेऊन गेली.
लिहून डोक्यातून गेलं नाही. उलट तो कपडाच दिसतोय.

१२ मार्च
कार्यालयातून फोन. मंगळवारी एक बाई घर बघायला येणार. मी अत्यंत शांत आवाजात ‘अवश्य या’ म्हणालो आणि फोन ठेवल्यावर पाणी प्यायलो.
मग ताईला फोन केला. मंगळवारी तासभर बाबांना पाठव म्हटलं. ती म्हणाली, बाबा म्हणजे काय कुकर आहे का, शेजाऱ्याने मागितला की दिला? कार्यालयात कळवलंस का, असंही विचारलं. मी म्हणालो, प्रोसेस चालू आहे.
बाबा मागून काहीतरी विचारत होते. मला रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

१७ मार्च
जय्यत तयारी. बाबांची गादी घातली, उशीला खळगा पाडला. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा स्वेटर, स्टुलावर पाण्याचा तांब्या. काठी त्यांनी नेलीय, म्हणून छत्री टेकवून ठेवली. खोली इतकी छान दिसायला लागली की मला वाटलं, बाबा असताना आपण हे का नाही केलं?
संध्याकाळी सवयीने दोन कप चहा टाकला. दोन्ही मीच प्यायलो.

१८ मार्च
बाई आल्या. वयाने ताईएवढ्या, हसऱ्या. खोली बघितली, छत्री बघितली. वडील कुठेत, विचारलं. फिरायला, दवाखान्यात, देवळात, सगळी उत्तरं पाठ होती. तोंडातून निघालं, कटिंगला गेलेत.
बाई म्हणाल्या, हरकत नाही, थांबते. बाबांच्या खुर्चीत बसल्या. चहा झाला, हवापाणी झालं. मग त्यांनी विचारलं, आणायला जायला नको का? जावं लागलं. सलूनसमोर जाऊन उभा राहिलो. सलूनवाला आरशातून बघत होता. कुणाचीतरी दाढी चालली होती. त्या खुर्चीतून मी कुणाला आणणार होतो?
परत आलो तर बाई गेल्या होत्या. शेजारच्या काकूंकडे निरोप होता, उद्या कार्यालयात या.
आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती.

१९ मार्च, दुपारी
गेलो. त्याच बिनबटणाच्या शर्टात. खिडकीशी त्याच बाई. एका दमात सगळं सांगितलं, सलूनसकट.
त्यांना सगळं माहीत होतं. बाबा जानेवारीतच ताईचा हात धरून कळवायला आले होते. भत्ता फेब्रुवारीपासूनच बंद आहे. बँकेत बघितलं नाही का, त्यांनी विचारलं. नाही बघितलं. लाज वाटत होती.
मग काल कशाला आलात, असं मी जरा घुश्शातच विचारलं.
बाई म्हणाल्या, “त्यांना तुमच्याकडे परत यायचंय. मुलगा आता सांभाळेल म्हणत होते. म्हणून मी घर बघायला आले होते. तुम्ही खरं सांगाल म्हणून थांबलेसुद्धा.”
आता काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, झालं तेच लिहा. त्यांनी तेच लिहिलं. बाबा ताईकडेच राहणार.

१९ मार्च, संध्याकाळी
ताईला फोन केला. बाबांनीच उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “केस फार वाढलेत रे. कधी येतोस?”
ताईचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. माझ्या तोंडून निघून गेलं, दहा मिनिटांत आलो.
पलीकडे बाबांनी ‘दहा मिनिटांत?’ एवढंच विचारलं. मग बरं म्हणाले.
लगेच निघायचं ठरवलं. फक्त आजचं तेवढं लिहून ठेवू म्हणून बसलो, तर हे लिहिण्यातच ती दहा मिनिटं गेली.