बोरन्हाणाचा काळा केक आणि आईंचं मुसळ

ती. वैष्णवीताईंना,

रिसोडहून तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठणठणीत, तुमच्या आई जरा जास्तच. (फोनच करणार होते, पण मी फोन उचलला की आई फोडणी करपू देतात, कान मात्र हलवत नाहीत. आणि सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच. रागावू नका.)

तुम्हाला माहीतच आहे, मी दोन वर्षं घरी केक करते, आणि ओव्हनला आईंनी दिलेली जागा दिलेली नसून उसनी आहे. आपल्या गल्लीतल्या हरीओमभाऊंच्या नातवाच्या बोरन्हाणाची ऑर्डर घेतली त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "हा केक बिघडला, तं हे डबडं माह्या सैपाकघरातून जाईन, अन् तिथं गव्हाची कोठी येईन." तुमचे भाऊ शेजारीच बसले होते. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

बाळाची पहिली संक्रांत, म्हणून झबलं काळं, अंगावर हलव्याचे दागिने, आणि केकही काळा हवा. झबल्याइतका काळा! ताई, काळा केक काय असतो ते मला विचारा. केकवर साखरेचं गुळगुळीत आवरण चढवतात, त्याला फॉन्डंट म्हणतात. ते मुळात पांढरंशुभ्र, कणकेसारखं मळून त्यात रंग जिरवायचा. मी अर्धी बाटली पातळ रंग ओतला, तर गोळा झाला उंदराच्या रंगाचा आणि हाताला असा चिकटला की दार कोपरानं उघडावं लागलं. आणखी ओतला, तर जांभळा. शेवटी मोईनच्या दुकानात गेले (केकचं सामान तोच ठेवतो). तो आधी माझ्या हातांकडे बघून हसला, मग म्हणाला, "भाभी, पानीवाला रंग नहीं, जेल लो. और एक दिन रंग को सोने दो, अपने आप गहरा होता है." मला या घरात दुपारी पाच मिनिटं पाठ टेकू देत नाहीत, आणि रंगाला म्हणे एक दिवस झोप! तरी ऐकलं. नवा गोळा, जेलचा घट्ट रंग. काळा झाला, पण मळून मळून मनगटं गेली तरी पांढऱ्या धाऱ्या हटेनात. उद्या बघू म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्यात ठेवला आणि माहेरी शिरपूरला हळदीकुंकवाला गेले.

दुसऱ्या दिवशी परत येऊन पाहते, तर डबा रिकामा. गच्चीवर तुमच्या आईंचं जुनं पांढरं लुगडं अंथरलेलं, आणि त्यावर माझ्या फॉन्डंटचे एकतीस पापड!

"तूच तं उडदाचं पीठ भिजवून ठेवलं होतं ना?" आई म्हणाल्या. "सालासकट दिसलं. जरासं गोड लागलं, मले वाटलं शिरपूरची पद्धत असन. तेल लावून चांगलं कुटलं मुसळानं. म्हटलं, सुनबाईले आज अक्कल आली." ताई, नऊ वर्षांत त्यांनी माझं केलेलं पहिलं कौतुक, तेही भलत्याच पिठाचं! केक दुपारी चारला द्यायचा, घरात दुसरा रंग नाही. मी तिथेच बसून रडले, आणि रडत रडत एकेक पापड गोळा केला. तेव्हा लक्षात आलं, एकातही धारी नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत काजळासारखा एकसारखा काळाभोर. नुकतेच घातले होते म्हणून वाळले नव्हते. पुन्हा गोळा केला, लाटला, केकवर चढवला.

बोरन्हाणात पोरं बोरं आणि ऊस सोडून केकवर तुटून पडली. (तासाभरात सगळ्या पाहुण्यांचे दात मिसरी लावल्यासारखे झाले. फोटोत झाडून सगळे तोंड मिटून उभे आहेत, बाळ सोडून.) तरी हरीओमभाऊंच्या बायकोनं विचारलंच, असा रंग आणला कसा? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "रंग म्या कुटला."

ओव्हन राहिला, पण आता आईही ओव्हनपाशीच राहिल्या आहेत. काल गुलाबी गोळा माझ्या हातातून ओढून घेतला, "सोड, तुले कुटता येत नाही." मोईनलाही सांगून आल्या, केक सुनेचा, रंग माहा. आता लोक फोनवर मला विचारतात, रंग आजींच्या हातचाच ना? मी या घरात फक्त केकच्या आतल्या भागापुरती उरले आहे. वैतागले आहे, ताई.

मुलांना आशीर्वाद.

नखं अजून काळी असलेली,
तुमची वैजयंती

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण असं, की आईंना महिनाभर तुमच्याकडे अनसिंगला बोलावून घ्या. करमत नाही म्हणा, गुडघे दुखतात म्हणा, काहीही म्हणा.

ता. क. २ : काल रात्री रविवारसाठी लालभडक ट्रॅक्टरच्या केकची ऑर्डर आली. सकाळपासून मळते आहे, धाऱ्या जात नाहीत. रविवारच्या आत बोलावू नका.

(याखाली पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात)

वैष्णवे, पाकीट उघडंच होतं म्हणून वाचलं. मी काही येत नाही. पोरगी गच्चीवर रडून राह्यली होती, तवापासून मले चैन नाही. तिले नीट कुटता येऊ दे, मग पाहू. अन् म्या वाचलं हे तिले कळू देऊ नको, नाहीतं पुढच्या पत्रात ते काहीच लिवणार नाही.